राजे संपले त्या दिवशीचे गद्य

मराठी वाचकाच्या मनातला राजा हा बव्हंशी कोल्हापूर जिल्ह्यात घडवला गेला आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. 'ययाति' (१९५९) कोल्हापुरात वास्तव्य असलेल्या वि. स. खांडेकरांची, 'स्वामी' (१९६२) आणि 'श्रीमान योगी' (१९६८) कोवाडच्या रणजित देसाईंच्या, 'मृत्युंजय' (१९६७) आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची. (माधवराव पेशवे हे काटेकोर अर्थाने राजे नव्हते, छत्रपती साताऱ्यास होते, पण वाचकाने त्यांना राजे म्हणूनच वाचले, तेव्हा तो मुद्दा सोडून देऊ.) जेमतेम दहा वर्षांत एका जिल्ह्याने मराठीला चार सिंहासने दिली. या चारही कादंबऱ्यांवर आजवर किती प्रबंध झाले असतील याची मोजदाद मी केलेली नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते कपाटे व्यापून आहेत, एवढे सांगता येते.

त्याच दशकाला लागून एक दिवस येतो. ९ डिसेंबर १९७१. त्या दिवशी दिल्लीत राज्यसभेने घटनेची सव्विसावी दुरुस्ती मंजूर केली आणि या देशातल्या संस्थानिकांची 'संस्थानिक' म्हणून असलेली मान्यता व तनखे रद्द होण्याचा मार्ग मोकळा झाला. देश त्या वेळी युद्धात होता. २८ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि राजा ही गोष्ट भारतीय कायद्यातून संपली. त्या दिवसाचे कामकाज शब्दशः नोंदलेले आहे, छापलेले आहे, आणि आता संगणकावर घरबसल्या वाचताही येते. मराठीच्या किती अध्यापकांनी ते वाचले आहे? राजावर पाचशे पाने वाचणाऱ्याने राजपद रद्द करणारी ती पाने उघडू नयेत, यात मला नुसती उदासीनता दिसत नाही. एक निवड दिसते. या लेखाचे भांडण त्या निवडीशी आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगायला हवी, कारण ती विद्यार्थ्यांना माहीत असते असे गृहीत धरण्याचे दिवस गेले. १९६७ साली काँग्रेसने तनखे रद्द करण्याचा ठराव केला. गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. संस्थानिकांशी वाटाघाटींचे ओझे त्यांच्याकडे आले. हे चव्हाण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. छत्रपतींच्या नावाच्या महाविद्यालयात इतिहास शिकलेल्या शेतकऱ्याच्या मुलाने राजांना 'आता पुरे' असे सांगायला बसावे, या प्रसंगात कादंबरीचे बीज नाही असे कोण म्हणेल? पण आपल्या कादंबरीकाराला तेव्हा तलवारीचा खणखणाट ऐकू येत होता. बैठकीतल्या कागदांची सळसळ ऐकू येत नव्हती.

१९७० साली पहिला प्रयत्न झाला. लोकसभेने दुरुस्ती मंजूर केली आणि ५ सप्टेंबरला ती राज्यसभेपुढे आली. बाजूने १४९, विरुद्ध ७५. एकूण मते २२४. त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे १४९ पूर्णांक एक तृतीयांश. विधेयक एक तृतीयांश मताने पडले. माणसाचे मत तिसऱ्या हिश्शाने मोजता येत नाही, म्हणून व्यवहारात ते एका मताने पडले असे म्हणतात. पण मला तो अपूर्णांकच महत्त्वाचा वाटतो. शेकडो वर्षांची राजेशाही एका माणसाच्या तिसऱ्या हिश्शावर टिकून राहिली. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने सर्व संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली, आणि १५ डिसेंबर १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने माधवराव सिंदिया खटल्यात तो आदेश नऊ विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. जे घटनेने दिले ते फर्मानाने काढता येणार नाही, असा त्याचा साधा अर्थ. न्यायालय बरोबर होते. राजेपद फर्मानाने संपवणे ही राजाचीच रीत झाली असती.

मग लोकसभा विसर्जित झाली, मार्च १९७१ मध्ये निवडणूक झाली आणि इंदिरा गांधींच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या. नोव्हेंबरात चोविसाव्या दुरुस्तीने संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट केला. तनख्यांचे नवे विधेयक ९ ऑगस्टलाच लोकसभेत मांडले गेले होते. १ व २ डिसेंबरला त्यावर चर्चा होऊन ते मंजूर झाले. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडील आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झाले.

या तारखा मी मुद्दाम ओळीने मांडल्या, कारण आमच्याकडे एक सोयीस्कर समज आहे: 'युद्धाच्या धामधुमीत गुपचूप उरकून घेतले.' चांगले शिकलेले लोक हे वाक्य म्हणतात. चार महिने संसदेपुढे असलेले, जाहीरनाम्यांतून गाजलेले, एकदा राज्यसभेत पडलेले, एकदा न्यायालयात हरलेले विधेयक गुपचूप कसे उरकणार? लोकसभेचे मत तर युद्धाच्या आदल्या दिवशी पडले. मात्र समजाला एक अस्सल कड आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. राज्यसभा विसर्जित होत नाही. तिचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. १९७० नंतरची पाळी १९७२ मध्ये होती. म्हणजे सप्टेंबर १९७० मध्ये ज्या सभागृहाने विधेयक पाडले, बव्हंशी त्याच सभागृहाने डिसेंबर १९७१ मध्ये ते मंजूर केले. माणसे तीच, मत वेगळे. हे का झाले? दुसऱ्या सभागृहाच्या निवडणुकीने वारे फिरले म्हणून? तोफा चालू असताना सरकारविरुद्ध उभे राहणे अवघड वाटले म्हणून? की युक्तिवाद खरोखर पटला म्हणून? वादविवादाच्या वाचनातून शोधायचे असते ते नेमके हे. पात्राचे मतपरिवर्तन कसे घडते, त्याची पूर्वसूचना भाषेत कुठे सापडते, ते शब्दांआड काय लपवते, हे प्रश्न आपण वर्गात 'ययाति'ला विचारतो. तेच प्रश्न ५ सप्टेंबर आणि ९ डिसेंबरच्या कामकाजांना शेजारी ठेवून विचारावेत, असे कोणालाच का सुचू नये?

त्या ९ डिसेंबरला बाहेर काय चालले होते तेही आठवावे. पूर्वेकडे आपले सैन्य हेलिकॉप्टरांतून मेघना नदी ओलांडू लागले होते. दोन दिवसांनी टांगाइलला उतरणारी छत्रीधारी पलटण, दुसरी पॅरा, ही मूळची तिसरी मराठा. दोन दिवसांपूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने युद्धबंदीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी केला होता. आपण त्या अकरांत होतो. त्याच ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली आणि १९४ जण गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला नौका सोडून गेले नाहीत. ज्या दिवसाची रात्र अशी होती त्या दिवशी वरिष्ठ सभागृह तनख्यांवर बोलत होते. काहींना हे विसंगत वाटते. मला यात त्या सभागृहाची प्रतिष्ठा दिसते. युद्धात कायदे करण्याचे नेहमीचे काम थांबत नाही, किंबहुना युद्धातच 'आपण कशासाठी लढतो' या प्रश्नाचे उत्तर कायद्यात लिहून ठेवावेसे वाटते. ब्रिटनमध्ये १९४१ च्या मे महिन्यात बॉम्बने कॉमन्सचे सभागृह उद्ध्वस्त केले, तेव्हा कॉमन्सने लॉर्डांचे सभागृह घेतले आणि लॉर्ड शेजारच्या दालनात बसले. त्याच युद्धकाळात बेव्हरिजचा अहवाल आला आणि १९४४ चा शिक्षण कायदा झाला. तेथील इंग्रजीचे विद्यार्थी त्या काळाचे गद्य वाचतात. आपण वाचत नाही.

आता वचनभंगाचा आक्षेप, जो सर्वांत वजनदार आहे. सरदार पटेलांनी ऑक्टोबर १९४९ मध्ये घटना समितीत तनख्यांचे समर्थन केले होते. राजांनी राज्ये सोडली, त्याची ही किंमत आहे आणि ती फार थोडी आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्या समितीत कोल्हापूरचे रत्नाप्पा कुंभार होते, ज्यांनी प्रजा परिषदेत याच राजवटीविरुद्ध हयात घालवली होती. आश्वासन दिले गेले हे खरे. ते मोडले गेले हेही खरे. तनख्यांचा एकूण खर्च शेवटी वर्षाला पाच कोटींच्याही आत आला होता, तेव्हा खजिन्याच्या बचतीसाठी हे केले असे सांगणे हास्यास्पद आहे. म्हैसूरला वर्षाचे २६ लाख आणि सौराष्ट्रातल्या कटोडियाच्या अधिपतीला वर्षाचे १९२ रुपये अशी ती यादी होती. १९२ रुपयांनी देश बुडत नव्हता आणि ते वाचवून तरतही नव्हता.

मग मुद्दा कशाचा होता? शब्दाचा. येथे साहित्याच्या विद्यार्थ्याने पुढे यावे. घटनेचा अठरावा अनुच्छेद किताब रद्द करतो. राज्य कोणाला किताब देणार नाही असे सांगतो. त्याच घटनेचा ३६६ वा अनुच्छेद 'संस्थानिक' या शब्दाची व्याख्या देत होता: ज्याला राष्ट्रपतींनी तशी मान्यता दिली आहे तो. म्हणजे १९५० पासूनच आपल्याकडे राजा हा जन्माने, अभिषेकाने वा पराक्रमाने राजा नव्हता. तो राष्ट्रपतींच्या मान्यतेने राजा होता. सव्विसाव्या दुरुस्तीने घातलेला ३६३क हा अनुच्छेद पाहा. त्यात कोणालाही पदच्युत केलेले नाही, कोणाचे राज्य बरखास्त केलेले नाही, कोणाची निंदा नाही. मान्यता असण्याचे थांबेल, एवढेच आहे. तनख्यांविषयीचे हक्क आणि त्यांसोबतची दायित्वे विझतील, एवढेच आहे. क्रियापदे अकर्मक आहेत. कोणी काही करत नाही, काहीतरी संपते. राजेशाहीच्या अंताची जगातली वर्णने रक्ताने लिहिलेली आहेत. आपल्या वर्णनात एक क्रियापद थांबते. या गद्याचे सौंदर्य ज्याला दिसत नाही त्याने 'शैलीविज्ञान' या विषयाचा पेपर कृपया शिकवू नये.

वचनभंगाला उत्तर याच वाक्यरचनेत आहे. ज्या घटनेने मान्यता दिली, तिनेच सांगितलेल्या मार्गाने, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी, मते मोजून ती काढली. एकदा कमी पडली तेव्हा विधेयक पडले, हेही त्याच मार्गाने. आणि ज्यांना हे अन्यायाचे वाटले त्यांना न्यायालय मोकळे होते. कुरुंदवाड धाकट्या पातीच्या संस्थानिकांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात पोचला. १९९३ साली घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. कुरुंदवाड गाव आपल्याच शिरोळ तालुक्यातले. नृसिंहवाडीला जाताना कोणालाही आठवत नाही की भारतीय घटनेच्या इतिहासात या नावाचा एक महत्त्वाचा खटला आहे.

कोल्हापुरात एवढे बोलले की 'आणि शाहू महाराज?' असा प्रश्न येतोच. यायलाच हवा. २६ जुलै १९०२ चे पन्नास टक्के राखीव जागांचे फर्मान, वसतिगृहे, सक्तीचे प्राथमिक शिक्षण, १९२० ची माणगाव परिषद, डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायक'ला दिलेले साहाय्य. या माणसाचे नाव घेतल्यावर राजेशाहीविरुद्ध बोलणाऱ्याची जीभ जड होते, हे मला ठाऊक आहे. पण चांगला राजा हा राजेपणाच्या बाजूचा पुरावा होऊ शकत नाही. फार तर त्या माणसाच्या बाजूचा होतो. शाहूंनी जे केले ते त्यांच्या वारसाने मोडायचे ठरवले असते तर रयतेपाशी कोणता उपाय होता? शाहूंचे एकनिष्ठ अनुयायी माधवराव बागल पुढे प्रजा परिषदेचे पुढारी झाले, यात विसंगती नाही. शाहूंचा अर्थ त्यांनी सर्वांत नीट वाचला होता. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी तर १९३९ सालीच रयतेच्या हाती कारभार देणारी घटना जाहीर करून मोकळे झाले. आणि १९७१ च्या त्या डिसेंबरात राज्यसभेचे उपसभापती कोण होते? चांदा जिल्ह्यातले बॅरिस्टर भाऊराव देवाजी खोब्रागडे, आंबेडकरांच्या चळवळीतले, रिपब्लिकन पक्षाचे. माणगावच्या सभेत शाहूंनी ज्या समाजाला त्याचा पुढारी दाखवून दिला, त्या समाजातला माणूस राजांची मान्यता संपवणाऱ्या सभागृहाच्या उपसभापतिपदावर होता. शाहूंच्या कार्याची याहून मोठी पूर्तता मला तरी कल्पिता येत नाही.

साहित्याकडे परत येतो. माझा राग कादंबऱ्यांवर नाही. 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची प्रदीर्घ प्रस्तावना आहे; निजामाच्या राज्यात वाढलेल्या त्या माणसाने राजा म्हणजे काय हे भोळेपणाने घेतलेले नाही. ती प्रस्तावना वर्गात कादंबरीइतक्या गांभीर्याने शिकवली गेली असती तरी पुष्कळ झाले असते. राग आहे तो आपल्या वाचनपद्धतीवर. राजा आला की आपण 'भव्यता', 'उदात्तता', 'शोकात्म नायक' हे शिक्के काढतो. नायकाच्या एकटेपणाचे गोडवे गातो आणि त्या एकटेपणाचा खर्च कोणी भरला हे विचारत नाही. सिंहासन हे आपल्याला एक मानसिक अवस्था वाटते. ती एक जमीनमहसुलाची व्यवस्था होती हे आपण इतिहास विभागावर सोडून देतो. परिणामी पदवीला बसलेल्या मुलाला कर्णाचे दुःख पाठ असते आणि आपल्या आजोबांच्या आयुष्यात राजा कायद्याने कधी संपला हे माहीत नसते. एका चर्चासत्रात मी हे मांडले तेव्हा 'संसदेचे कामकाज हे साहित्य नव्हे' असे उत्तर मिळाले. बखर साहित्य आहे, तह आणि पत्रे साहित्य आहेत, महानुभावांची स्थळपोथीदेखील साहित्य आहे; मात्र २४४ माणसांच्या सभागृहाच्या जवळपासचे संख्याबळ धरलेली, प्रश्न-प्रतिप्रश्नांनी भरलेली, टाळणे-झोंबणे-माघार घेणे यांनी जिवंत असलेली गद्यसंहिता साहित्य नाही. ज्या सभागृहात साहित्याच्या जाणकारांना नामनियुक्त करण्याची तरतूद घटनेनेच केली, जेथे मामा वरेरकरांसारखा नाटककार बसला, त्या सभागृहाच्या शब्दांविषयी ही तुच्छता!

योगायोगाची एक गोष्ट येथे नोंदवतो. 'नटसम्राट' रंगभूमीवर आले ते १९७० साली, म्हणजे तनख्यांचा वाद शिगेला असताना. राज्य गेलेला, पदवी उरलेला, मुलांच्या दारी उपरा झालेला सम्राट. शिरवाडकरांच्या मनात लिअर होता, तनखे नव्हते, हे मान्य. तरीही त्या वर्षी मराठी प्रेक्षकाने ज्या राजासाठी डोळे पुसले त्याला कोणाचीच मान्यता नव्हती, आणि त्याला तिची गरजही नव्हती. आपल्या समीक्षेने ही दोन टोके कधी जोडून पाहिली आहेत काय?

शब्द मात्र गेला नाही. जर्मनीने १९१९ साली सरदारी हक्क काढले पण किताब नावाचा भाग म्हणून राहू दिले; ऑस्ट्रियाने त्याच वर्षी तेही काढले. आपण नकळत जर्मनीच्या वाटेने गेलो. 'छत्रपती' हे आज आडनाव आहे. २०१६ साली संभाजीराजे छत्रपती राष्ट्रपतींचे नामनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेले; २०२४ साली शाहू छत्रपती कोल्हापुरातून मते मागून लोकसभेवर निवडून आले. ज्या राष्ट्रपतिपदाने मान्यता द्यायची थांबवली, त्याच पदाने त्याच सभागृहात नागरिक म्हणून जागा दिली. दसरा चौकात सोने लुटताना आम्ही ज्याला मुजरा करतो तो कोण, राजा की खासदार, हा प्रश्न आम्ही हसून टाळतो. टाळणे हेही एक वाचन आहे, फक्त त्यावर कोणी प्रबंध लिहीत नाही.

आणि ज्यांना ९ डिसेंबर हा निखळ विजय वाटतो त्यांनी त्याच आठवड्यातली आणखी काही पाने उलटावीत. ३ डिसेंबरला आणीबाणी जाहीर झाली. ४ डिसेंबरला भारत संरक्षण कायदा झाला. शत्रू सीमेवर होता, कारण खरे होते. राजांची मान्यता काढणारे हात त्याच आठवड्यात सरकारच्या हाती असे अधिकार देत होते की जे संस्थानिकांना इंग्रजांच्या परवानगीशिवाय क्वचितच वापरता आले असते. ढाक्यात १६ डिसेंबरला शरणागतीवर सह्या झाल्या. युद्ध चौदा दिवसांत संपले. ते युद्ध म्हणून जाहीर केलेली आणीबाणी मात्र उठली नाही. १९७५ ची दुसरी तिच्यावर येऊन बसली आणि दोन्ही उठल्या त्या १९७७ च्या मार्चमध्ये. ४ डिसेंबर आणि ९ डिसेंबर या दोन दिवसांची संहिता एकत्र बांधून ती एम.ए.च्या पहिल्या वर्षाला 'आधुनिक गद्य' म्हणून लावावी, इंग्रजी-हिंदीतून मराठीत आणण्याचे काम विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे, अशी माझी सूचना आहे. शंभर-दीडशे पाने होतील. 'श्रीमान योगी'च्या निम्म्यानेही नाहीत.